काठिण्यपातळी ठरवतं कोण? पियानोच्या ग्रेड, भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं आणि आपलं लेबल

पेपर सुटला की केंद्राच्या गेटवरच निकाल लागतो: "यंदा काठिण्यपातळी जास्त होती." नेट असो, सेट असो की विद्यापीठाची पेट, हे वाक्य तुम्ही म्हटलंय, मीही म्हटलंय. आता संशोधनाला लागायचंय तर हेच वाक्य जरा उलटून पालटून बघा. जास्त म्हणजे कशापेक्षा? कुणासाठी? आणि मोजली कुणी?

मागच्या पोस्टवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की डेटासेटमधल्या लेबलवर एवढा संशय का घ्यायचा, कुणीतरी जाणकारानेच ते लावलेलं असतं ना. त्याचं उत्तर एका इतिहासातून देते. हा इतिहास पियानोच्या रचनांच्या अवघडपणाचा आहे, आणि अर्ध्या वाटेवर तो मुंबई-मिरजेला येतो. मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची, संगीताची नाही. वाढले समुद्रपूरला. तिथे पेटी घरोघरी माहीत, पियानो मात्र सिनेमात नायक उदास झाला की दिसायचा. तेव्हा संगीत शिकवायचा माझा आव नाही. मला रस आहे तो एका प्रश्नात: अवघडपणाला आकडा कसा चिकटला?

आधी आजची स्थिती सांगते. संगणकाला पियानोची स्वरलिपी द्यायची आणि ती किती अवघड आहे हे त्याने सांगायचं, या प्रश्नावर गेली दहा-पंधरा वर्षं नेटाने काम चालू आहे. उपयोग उघड आहे, शिक्षकाला विद्यार्थ्याच्या कुवतीचं काहीतरी शोधून द्यायचं असतं. पण मॉडेल शिकवायला लेबल लागतं. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठातल्या संशोधकांनी साडेसहाशेच्या आसपास रचनांचा एक डेटासेट केला, त्यातली लेबलं हेन्ले या जर्मन प्रकाशनाच्या १ ते ९ या पातळ्यांवरून घेतली. त्याआधीच्या एका कामात बेला बार्टोकच्या 'मिक्रोकॉस्मोस'ची खंडरचनाच लेबल म्हणून वापरली होती. म्हणजे मॉडेल कितीही आधुनिक असो, त्याचा गुरू एक प्रकाशक आहे किंवा एक संगीतकार. मग त्या गुरूंनी ते आकडे कुठून आणले?

हेन्लेच्या पियानो-पातळ्या रोल्फ कोनेन या एका संपादक-पियानोवादकाने ठरवल्या. त्यांची भूमिका प्रामाणिक आहे: किती भरभर स्वर आहेत किंवा स्वरसंघ किती दाट आहेत एवढंच बघायचं नाही, तर रचनेची गुंतागुंत, लय, पहिल्या वाचनात ती कितपत उलगडते, हेही धरायचं. आणि 'वाजवता येणं' म्हणजे मैफलीत खात्रीने वाजवता येणं. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. घरी बसून कसंबसं निभावणं आणि लोकांसमोर निभावणं या दोन वेगळ्या राशी आहेत. त्यातली कुठली मोजतोय हे ज्याने सांगितलं, त्याने अर्धं काम केलं. पण शेवटी मत एकाचंच. दोन जाणकारांनी तीच यादी स्वतंत्रपणे लावली असती तर किती ठिकाणी जुळलं असतं, हे अशा लेबलावरून कळत नाही.

आता जरा मागे जाऊ. योहान सेबास्टियन बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, १७२० साली एक शिकायची वही सुरू केली. तिच्यात पुढे 'इन्व्हेन्शन' म्हणून प्रसिद्ध झालेल्या पंधरा छोट्या रचना आहेत. वहीत त्यांचा क्रम असा: आधी सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी असे ढोबळमानाने सोपे सप्तक चढत जायचे आणि मग जास्त काळ्या पट्ट्यांचे, कमी सरावाचे घेत खाली उतरायचं. १७२३ मध्ये बाखने त्याच रचनांची सुबक प्रत केली तेव्हा क्रम बदलला. आता सी मेजर, सी मायनर, डी मेजर, डी मायनर अशी सरळ चढती यादी. रचना त्याच, लिहिणारा तोच, तीनच वर्षांचं अंतर. पहिला क्रम शिकणाऱ्या पोरासाठी होता, दुसरा ग्रंथासाठी. शिकवण्याचा क्रम आणि मांडणीचा क्रम, हे दोन शब्द वहीच्या समासात लिहून ठेवा, पुढे भातखंड्यांकडे ते लागणार आहेत.

मोत्सार्टने १७८८ मध्ये आपल्या रचनांच्या यादीत सी मेजरमधल्या एका सोनाटापुढे 'नवशिक्यांसाठी' असं टिपून ठेवलं. आज ती के. ५४५ म्हणून ओळखली जाते. स्वर थोडे, पट्ट्या बहुतेक पांढऱ्या, पण तिच्यात लपायला जागा नाही. एक स्वर जरा जाड पडला की सगळ्यांना ऐकू येतो. बोटांना सोपी आणि वाजवणाऱ्याला कठीण अशी ही चीज कुठल्या पातळीत टाकायची? एकोणिसाव्या शतकात चेर्नीने सरावाच्या रचनांच्या वह्यांवर वह्या काढल्या. ओपस ५९९ नवशिक्यांची, २९९ वेगाची, ७४० बोटांच्या कौशल्याची. आकड्यांकडे जाऊ नका हं, ते प्रकाशनाचे क्रमांक आहेत, काठिण्याचे नाहीत. २९९ ही ५९९ पेक्षा अवघड आहे. बार्टोकने १९२६ ते १९३९ या काळात १५३ छोट्या रचना लिहून सहा खंडांत चढत्या क्रमाने लावल्या, पहिले दोन खंड मुलगा पेटरला अर्पण केले. इथवर सगळे क्रम हे 'माझ्या अनुभवाने सांगतो' या जातीचे. त्यात वाईट काही नाही. गुरू समोर बसलेला असतो, शिष्य अडला की तो क्रम मोडतो.

आकड्याची सक्ती झाली ती परीक्षेमुळे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७७ पासून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. १८८९ साली रॉयल अकॅडमीचे अलेक्झांडर मॅकेन्झी आणि रॉयल कॉलेजचे जॉर्ज ग्रोव्ह यांनी मिळून असोसिएटेड बोर्ड स्थापन केलं. कारण काय? इंग्लंडात संगीताच्या पदव्या वाटणाऱ्या वाट्टेल त्या संस्था निघाल्या होत्या, कुणाच्या प्रमाणपत्राला काय किंमत हेच कळेनासं झालं होतं. (ओळखीचं वाटतंय ना? पैसे घेऊन पेपर छापणारी जर्नल्स आठवा.) सुरुवातीला बोर्डाच्या पातळ्या मोजक्याच होत्या. आज जगभर माहीत असलेल्या १ ते ८ ग्रेड १९३० च्या दशकात पक्क्या झाल्या.

परीक्षकाची जागा लक्षात घ्या. तो विद्यार्थ्याला ओळखत नाही, बारा मिनिटं ऐकतो आणि पुढच्या गाडीने पुढच्या गावी जातो. लीड्सची ग्रेड ५ आणि मुंबईची ग्रेड ५ एकच ठरायची तर अवघडपणा माणसाच्या डोक्यातून काढून कागदावर आणावाच लागतो. मुंबईत फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान १८६५ पासून आहे. लंडनच्या परीक्षांची पुस्तकं त्याच्या काउंटरवरून वांद्र्या-माहीमच्या घरांत पोचत राहिली. गोव्यात पाश्चात्त्य संगीत चर्चच्या शाळांतून आधीच रुजलेलं, पुढे १९५२ मध्ये आंतोनियो दे फिगेरेदोंनी पणजीत संगीत अकादमी काढली. वांद्र्याची मुलगी आणि लंडनची मुलगी एकाच यादीतल्या रचना वाजवतात, ही गंमतही आहे आणि सोयही.

या परीक्षेचा एक बारकावा सांख्यिकीवाल्यांनी जरूर बघावा. पारंपरिक प्रत्यक्ष परीक्षेत एकूण गुण १५०, पास व्हायला १००. तीन रचनांना प्रत्येकी ३०, बाकीचे गुण स्केल्स, समोर ठेवलेलं वाचून वाजवणं आणि कान यांना. म्हणजे ग्रेड सांगते वस्तू किती अवघड, गुण सांगतात माणसाने ती किती बरी केली. दोन अक्ष वेगळे ठेवलेत. ग्रेड ५ ला १३५ मिळवणारी आणि ग्रेड ६ ला १०१ वर निभावणारी, यांतली पुढे कोण? सारणीत उत्तर नाही. शिवाय ग्रेड ६ ला बसण्याआधी थिअरीची ग्रेड ५ लागते, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या पायरीच्या मधे बोटांशी थेट संबंध नसलेलं एक फाटक आहे.

आता आपल्याकडे या. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा, पेशाने वकील. देशभर फिरून उस्तादांकडून, संस्थानांतून बंदिशी जमवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तक मालिका' काढली. सहा भाग, अठराशेच्या वर बंदिशी. शेवटचे भाग १९३६ मध्ये ते गेल्यावर बाहेर आले. नावातच 'क्रमिक' आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकासारखंच, पायरीपायरीने न्यायचं वचन.

पण वचन आणि यादी शेजारी ठेवून बघा. पहिला भाग अगदी प्राथमिक. दुसऱ्या भागात दहा राग: यमन, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. तिसऱ्यात पंधरा: भूपाली, हमीर, केदार, बिहाग, देस, बागेश्री, मालकंस वगैरे. चौथ्यात वीस, त्यांत ललित, दरबारी, मियाँमल्हार, मुलतानी. पाचव्या-सहाव्यात कमी प्रचारातले.

कुठल्याही गाणं शिकवणाऱ्या बाईंना ही यादी दाखवा, त्या दुसऱ्या भागावरच थबकतील. मारवा आणि तोडी दुसऱ्या भागात, आणि भूपाली तिसऱ्यात? भूपालीत पाच स्वर, सगळे शुद्ध, लहान मुलं पहिल्या महिन्यात गातात. मारव्यात पंचमच नाही, कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम, आणि षड्जाला लांब ठेवत गायचं, भलेभले घसरतात. तोडीचे कोमल स्वर नेमके लावायला वर्षं जातात. मग वकिलीत मुरलेल्या, एवढ्या काटेकोर माणसाचा क्रम चुकला?

माझं मत, चुकला नाही. तो क्रम वेगळ्याच गोष्टीचा आहे. दुसऱ्या भागातले दहा राग म्हणजे दहा थाटांचा एकेक प्रतिनिधी. भातखंड्यांनी सगळे राग दहा थाटांत बसवले, आणि विद्यार्थ्याने आधी दहाही खोल्यांची दारं बघावी, मग एकेका खोलीतलं सामान, अशी ती योजना. भूपाली कल्याण थाटाच्या खोलीतलं सामान, म्हणून ती यमनच्या मागून येते. प्रचार किती हाही निकष दिसतो, शेवटच्या भागांकडे अनवट राग गेलेत. म्हणजे भाग क्रमांक या एका आकड्यात निदान तीन गोष्टी मिसळल्यात: वर्गीकरण, प्रचार आणि काठिण्य. आठवली बाखची १७२३ ची सुबक प्रत? तीच गत. फरक एवढाच की बाखने दोन क्रम दोन वह्यांत ठेवले, इथे ते एका मालिकेत एकमेकांत विणले गेले.

असं विणायची गरजही त्या काळातून आली. घराण्यात शिकणाऱ्याला पातळीचा आकडा लागत नसे. गुरू म्हणेल तेव्हा पुढची बंदिश, आणि कित्येकदा काठिण्यापेक्षा हक्काचा प्रश्न मोठा. घरातली ठेवणीतली चीज बाहेरच्याला मिळायचीच नाही. भातखंड्यांचं भांडण याच कुलूपबंद संगीताशी होतं. १९१६ ला बडोद्यात त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९२६ ला लखनौत मॅरिस कॉलेज निघालं. वर्गात तीस पोरं बसली की पाठ क्रमांक लागतो, आणि पुस्तक छापलं की क्रम कायमचा होतो.

दुसरे विष्णु, म्हणजे कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ ला मुंबईत. १९३१ साली मिरजेत ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. आज गावोगावी 'गांधर्वच्या परीक्षा' म्हणतात त्या याच मंडळाच्या. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार, या चारांचे प्रथम आणि पूर्ण असे दोन-दोन भाग. मोजा, नऊ होतात. हेन्लेचेही नऊ! योगायोग आहे, त्यावर पेपर लिहू नका.

या परीक्षांच्या सुरुवातीला भूप, दुर्गा, काफी, खमाज असे राग दिसतात. मारवा, तोडी खूप पुढे. म्हणजे इथे शिकवण्याचा क्रम जिंकला. आणि आता तर या पायऱ्यांना शासकीय किंमत आहे. आपल्या राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. कुणीतरी कधीतरी ठरवलेली एक पायरी अकरावीच्या प्रवेशयादीत नाव वर-खाली करते. पायरी नेमकी काय मोजते हा प्रश्न मग केवळ रसिकांचा उरत नाही.

आणि पायऱ्यांबाहेरचंही संगीत आहेच. आमच्या जिल्ह्यात पलुसकरांची परंपरा आली ती परीक्षेतून कमी आणि प्रार्थनेतून जास्त. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात होते, 'आश्रम भजनावलि' त्यांनी जुळवली, आणि गांधीजींबरोबर तो प्रार्थनेचा रिवाज सेवाग्रामला आला. तिकडे तुकडोजी महाराजांची खंजिरी गावागावात. समुद्रपूरच्या भजनी मंडळात पेटीवर बसणाऱ्या काकांना तुम्ही ग्रेड विचारली तर ते हसतील, पण गाणाऱ्याने मधेच पट्टी बदलली तर त्यांची बोटं त्याच्या मागोमाग जातात. हे कौशल्य वरच्या एकाही यादीत रकाना म्हणून नाही. स्वरलिपी लिहिलेलीच नाही, तर तिची पातळी काय काढणार? डेटासेटमध्ये काय आहे हे बघताना काय येऊच शकत नाही, तेही एकदा मोजून बघा.

आता आपल्या कामाचं. १९४६ साली स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने मोजमापाच्या नाममात्र, क्रमवाचक, अंतराल आणि गुणोत्तर अशा चार जाती सांगितल्या, त्या पेटच्या अभ्यासक्रमात आहेत. ग्रेड क्रमवाचक आहेत. ग्रेड १ ते २ आणि ७ ते ८ यांत अंतर सारखं आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पियानो शिकणारे सांगतात की वरच्या पायऱ्यांना वर्षं लागतात. तरी सर्रास सरासरी काढली जाते. मॉडेलने ३ ला ४ म्हटलं आणि ३ ला ९ म्हटलं, दोन्ही चुका सारख्या धरणारं मापही तितकंच वाईट. भारित कप्पासारखं काहीतरी घ्या.

दुसरं, लांबी. वरच्या ग्रेडला रचना लांब असतात, कारण परीक्षेची वेळच तशी ठेवलेली असते. मॉडेलला नुसती पानं मोजूनही बऱ्यापैकी अचूकता मिळेल आणि तुम्ही खूश व्हाल. आधी फक्त लांबीवर एक साधं मॉडेल चालवा आणि तुमचं मोठं मॉडेल त्याच्यापेक्षा किती पुढे जातं ते बघा. व्हायव्हामध्ये हा प्रश्न येतोच.

तिसरं मला सगळ्यांत जवळचं, कारण ते माझ्या विषयाचं. १९६० मध्ये डेन्मार्कच्या जॉर्ज राशने एक मॉडेल मांडलं. प्रश्नाचं काठिण्य आणि माणसाची क्षमता एकाच मापपट्टीवर ठेवायची, आणि उत्तर बरोबर यायची शक्यता दोहोंतल्या फरकावर अवलंबून धरायची. इथे काठिण्य कुणी जाणकार ठरवत नाही, ते कोण कुठे अडलं यावरून निघतं. पण राशच्या मॉडेलला एक अट आहे: प्रश्नांचा अवघडपणाचा क्रम सगळ्यांसाठी तोच हवा. पियानोत ती अट हातावरच तुटते. पियानोवरचं एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचं. रखमानिनोफचा पंजा त्याच्या कितीतरी पुढे पोचायचा, म्हणून त्याने लिहिलेले रुंद स्वरसंघ त्याला सहज. योझेफ होफमान हा विसाव्या शतकातला नावाजलेला पियानोवादक, हात लहान, तर स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो करून दिले. लहान हाताच्या मुलीसाठी दोन रचनांचा क्रमच उलटा होऊ शकतो. लेबल मात्र दोघींना एकच.

आणि पट्टीच्या टोकाला काय होतं तेही बघा. कैखुश्रू सोराबजी, वडील मुंबईचे पारशी, आई इंग्लिश, जन्म १८९२ चा इंग्लंडातला. त्यांची 'ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकुम' १९३० ची, वाजवायला चार तासांच्या आसपास. बेथोव्हनची 'हामरक्लाविअर' हेन्लेच्या पट्टीवर ९ वर आहे. सोराबजींना कुठे ठेवणार? नवाच्या वर खूण नाही, तेव्हा तेही ९. याला सीलिंग इफेक्ट म्हणतात, आणि तो असलेल्या डेटात वरच्या टोकाचे सगळे सहसंबंध मऊ पडतात.

कुणाला छोटा प्रकल्प हवा असेल तर घ्या. भातखंड्यांच्या मालिकेतला भाग क्रमांक आणि गांधर्वच्या अभ्यासक्रमातलं वर्ष, दोन्हींकडे असलेले राग शोधा, दोन रकाने करा. तिसऱ्या रकान्यात तुमच्या ओळखीच्या तीन-चार संगीतशिक्षकांना स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता, क्रम लावायला सांगा. थाटाचा रकाना विसरू नका, भातखंड्यांचा क्रम त्याच्यामुळेच वाकलाय. खर्च शून्य, महिन्याभराचं काम. एकाच भागात पंधरा-वीस राग असल्यामुळे टाय खूप येतील, तेव्हा स्पिअरमनऐवजी केंडॉलचा टाउ-बी काढा.